वाळवंटातले सहा महिने

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



क्षय या रोगाची मराठी वाचकाला वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन १८८६ मध्ये मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, या रोगाने त्यांचा घास घेतला. राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत सावनेरला गेले ते याच दुखण्याने. तेव्हा ते अवघे तेहतीस वर्षांचे होते. वस्तुतः रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजीच बर्लिन येथे क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला होता. शत्रूचे नाव-गाव कळले होते; त्याला मारण्याचे हत्यार मात्र पुढची साठ वर्षे कोणाच्याच हाती नव्हते. तोवर विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी आणि नशीब एवढ्यावरच सारी भिस्त होती.

ही हवा आणि ही विश्रांती जेथे मिळे, असे एक आरोग्यधाम आपल्याला दूरचे नाही. डॉ. विल्यम वानलेस या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ मध्ये मिरजेला रुग्णालय उभे केले. पुढे त्याच परंपरेतून क्षयरोग्यांसाठी स्वतंत्र आरोग्यधाम निघाले आणि त्या वस्तीला वानलेसवाडी हे नाव पडले, ते आजतागायत टिकून आहे. सीमाभागातल्या घरांत कोणी मोठे दुखणाईत झाले की ‘मिरजेला नेले आहे’ एवढे सांगितले की पुरत असे. धर्मप्रसारासाठी आलेल्या या मंडळींविषयी आपल्या समाजात जेवढी शंका होती तेवढाच त्यांच्या दवाखान्याविषयी विश्वास होता. या दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने नांदत होत्या, हे नमूद केले पाहिजे. कारण आजच्या विषयात हा पेच पुन्हा भेटणार आहे.

परंतु आरोग्यधामाची सारी कल्पना एका गृहीतावर उभी होती. रोग्याला घर आहे. त्या घरातून त्याला काही महिने उचलून दुसरीकडे ठेवता येते आणि बरा झाल्यावर तो त्याच घरी परत जातो, असे हे गृहीत. ज्याचे घर उंटाच्या पाठीवर असते, किंवा ज्याचे घर युद्धात जळून गेले आहे, त्याने काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर आफ्रिकेच्या पूर्व टोकाला, सोमाली लोकांच्या वाळवंटात, एका इटालियन बाईने शोधले. अन्नालेना तोनेल्ली हे तिचे नाव. आजचे हे व्याख्यान तिच्याविषयी आणि तिने शोधलेल्या त्या उत्तराविषयी आहे.

त्यापूर्वी औषधांची थोडी हकीकत सांगणे आवश्यक आहे, नाहीतर उत्तराचे मोल ध्यानात येणार नाही. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले, आयसोनायझिड १९५२ मध्ये वापरात आले. क्षय बरा होऊ लागला. पण हा जंतू मोठा संथ आहे. इतर अनेक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. आणि काही जंतू तर अर्धवट झोपेत पडून राहतात. झोपलेल्यावर औषध लागू पडत नाही. म्हणून उपचार दीड-दोन वर्षे चालवावा लागे. दुसरी अडचण याहून बिकट आहे. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, अंगावर मांस चढू लागते, आणि रोग्याला आपण बरे झालो असे वाटते. तो गोळ्या सोडतो. उरलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात, आणि या खेपेस त्या औषधांना न जुमानणारे असे त्यांतले चिवट जंतू पुढे सरसावतात. क्षयाच्या बाबतीत अर्धवट उपचार हा कधी कधी उपचार न करण्यापेक्षा वाईट ठरतो, तो यामुळे.

घर असलेल्या रोग्यांचा प्रश्न बऱ्याच अंशी आपल्याच देशात सुटला. मद्रास येथे १९५६ मध्ये सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवून, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून तीच औषधे वर्षभर देण्यात आली. दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच निघाला, आणि घरी राहिलेल्यांमुळे कुटुंबीयांना अधिक धोका झाला असेही दिसले नाही. हवा, दूध, अंडी, व्हरांड्यातल्या खाटा या साऱ्यांचा महिमा त्या एका अभ्यासाने उतरवला. बरे करते ते औषध, जागा नव्हे; मात्र ते औषध रोज पोटात गेले पाहिजे. हे ‘रोज’ म्हणजे काय, ते ऊसतोडीसाठी बीडहून दरवर्षी कोपी पाठीवर घेऊन निघणाऱ्या बिऱ्हाडांना विचारावे. गावच्या दवाखान्यात सुरू झालेले औषध कारखान्याच्या फडावर कोण देणार?

आता वजीरकडे वळू. केनियाच्या ईशान्य टोकाला, सोमालिया आणि इथिओपिया यांच्या सीमांपासून फार दूर नाही असे हे विहिरींचे ठाणे. सभोवार काटेरी झुडपांचे रूक्ष वाळवंट. लोक सोमाली, धर्माने मुसलमान, व्यवसायाने उंट, शेळ्या-मेंढ्या आणि गुरे पाळणारे. पाऊस पडेल तिकडे निघायचे हा त्यांचा कायदा. आपल्याकडचा धनगरवाडा डोळ्यांपुढे आणला तर थोडी कल्पना येईल; फक्त मेंढ्यांच्या जागी उंट आणि माळाच्या जागी वाळवंट. वाकवलेल्या फांद्यांचा सांगाडा आणि त्यावर चटया, असे त्यांचे घर असते. बायका ते उभारतात, बायकाच उतरवतात, आणि उंट ते वाहून नेतो. केनिया १९६३ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा या प्रांतातील सोमालींना सोमालियात सामील व्हायचे होते. त्यावरून १९६७ पर्यंत बंडाळी चालली, सरकारने माणसांना पहाऱ्यातल्या वस्त्यांत कोंडले, आणि आणीबाणीचे कायदे तेथे पुढे कित्येक वर्षे तसेच राहिले. सीमा आखणाऱ्यांनी आपल्याला नको त्या बाजूला टाकले, ही भावना काय असते हे या सभागृहात समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा मुलखात अन्नालेना तोनेल्ली आल्या. त्यांचा जन्म २ एप्रिल १९४३ रोजी इटलीतील फोर्ली या गावी झाला. शिक्षण कायद्याचे. विद्यार्थिदशेत गावातल्या गरीब वस्तीत त्यांनी सहा वर्षे काम केले होते. बायबलच्या खालोखाल त्यांच्या मनावर ठसा होता तो गांधीजींचा. जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी इटली सोडली आणि केनियात शिक्षिका म्हणून काम धरले. वय पंचवीस. त्या डॉक्टर नव्हत्या, परिचारिका नव्हत्या, नन तर नव्हत्याच. कोणत्याही धर्मसंघाच्या, संस्थेच्या किंवा मिशनच्या त्या सभासद नव्हत्या. पगार नाही, म्हातारपणची तरतूद नाही. मिशन या शब्दाने आपल्या मनात बंगला, चर्च आणि शाळा असे जे चित्र उभे राहते, त्यातले येथे काहीच नव्हते. फोर्लीची मित्रमंडळी आणि नातलग पाठवीत तो पैसा, आणि इटलीहून येऊन मिळालेल्या काही मैत्रिणी, एवढेच भांडवल. क्षयरोगनियंत्रण, उष्ण कटिबंधातील रोग, कुष्ठरोग यांचे रीतसर शिक्षण त्यांनी पुढे केनिया, इंग्लंड आणि स्पेन येथे जाऊन घेतले. पण ते काम सुरू झाल्यानंतर, गरज पडली म्हणून.

वजीरला त्यांनी आधी अपंग मुलांसाठी पुनर्वसन केंद्र चालवले. तेथल्या रुग्णालयात क्षयाचे रोगी त्यांना दिसले आणि पुढची सारी दिशा ठरली. सोमाली समाजात क्षय हा केवळ रोग नव्हता, कलंक होता. क्षय झाला असे म्हणणे म्हणजे घराण्याला बट्टा लावणे. रोगी खोकला लपवी; लपवणे अशक्य झाले की घरचे त्याला टाकीत. आपल्याकडेही मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात ‘घरात कोणाला छातीचे काही नाही ना’ असे हळूच विचारले जात असे, त्याचीच ही मोठी बहीण. टाकलेली माणसे रुग्णालयाच्या खोलीत एकटी मरत. तोनेल्लीबाई त्यांच्याजवळ जाऊन बसू लागल्या. सुरुवातीला याहून अधिक काही करण्याचे ज्ञान त्यांच्याजवळ नव्हते.

गावाने त्यांचे स्वागत केले असे समजू नये. गोरी, ख्रिस्ती, अविवाहित आणि तरुण अशी ही स्त्री त्या समाजाच्या कोणत्याच चौकटीत बसत नव्हती. मुले ‘गाल’, म्हणजे काफर, असे ओरडत मागे लागत, दगड मारीत. परधर्मीय असल्यामुळे तिला स्वर्ग मिळणार नाही, याबद्दल तर कोणालाच शंका नव्हती. बाईंनी पुढे २००१ मध्ये व्हॅटिकनमध्ये केलेल्या एका निवेदनात या दिवसांविषयी सांगितले आहे. एका वृद्ध सोमालीने एकदा त्यांना अशा आशयाचे ऐकवले की श्रद्धा आम्हा मुसलमानांपाशी आहे आणि प्रेम तुमच्यापाशी. बर्फ वितळण्याचा तो क्षण होता, असे त्यांना वाटले. त्या म्हाताऱ्याने श्रद्धेचा आपला दावा मात्र सोडला नव्हता, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. आणि बाईंनीही त्याला तो सोडायला कधी सांगितले नाही.

१९७६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका प्राथमिक प्रकल्पाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. भटक्यांमधील क्षयावर उपचार कसा करावा, हे त्यातून पाहायचे होते. रिफॅम्पिसिनसारख्या नव्या औषधांमुळे दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आणता येईल, अशी शक्यता तेव्हा नुकतीच निर्माण झाली होती. सहा महिने हे दीड वर्षापेक्षा पुष्कळ कमी; पण उंटांच्या मागे जाणाऱ्या माणसाला सहा महिने म्हणजेही दोन मोसम होतात. पाऊस पडला की तो निघणार. डॉक्टरने त्याला औषधांची पुडकी बांधून दिली तरी तो ती घेईलच असे नाही. आणि त्याच्यामागे फिरते पथक धाडावे तर वाळवंटात तो सापडणार कोठे? रुग्णालयात कोंडून ठेवावे, तर चार भिंतींची आणि खाटेची सवय नसलेली ही माणसे रात्रीतून निघून जात.

तोनेल्लीबाईंनी केले ते सांगायला अगदी सोपे आहे. पुनर्वसन केंद्रासमोर मोकळे वाळवंट होते. रोग्याने तेथे यावे, आपल्या माणसांनिशी, आपल्या चटया-फांद्यांनिशी यावे आणि आपल्याच पद्धतीचे घर उभारून सहा महिने राहावे. सकाळी औषध द्यायचे ते हातात नव्हे, तोंडात. घोट घेतलेला डोळ्यांनी पाहायचा, रोज. एवढेच. अशा वस्तीला त्या मुलखात मन्याट्टा म्हणतात आणि पुढे केनियाच्या क्षयनियंत्रणाच्या कामात ‘टीबी मन्याट्टा’ हा शब्दच रूढ झाला. आरोग्यधामाने रोग्याला त्याच्या जगातून उचलले होते. येथे रोग्याचे जग उचलून औषधाशेजारी आणून ठेवले गेले. भटका थांबला, पण भटक्यासारखाच राहिला. रुग्णालयात एकेकट्या रोग्याला जी लाज घेरून असे, तीही या वस्तीत आपोआप सैल होऊ लागली; कारण शेजारच्या झोपडीतही तेच दुखणे होते आणि तेथला माणूस चार महिन्यांत चालता-बोलता झालेला समोर दिसत होता.

येथे एका वादाचा उल्लेख टाळता येणार नाही. आज जगभर ‘डॉट्स’ या नावाने ओळखली जाणारी पद्धत, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष औषध देण्याची पद्धत, वजीरला जन्मली असे बाई स्वतः सांगत आणि त्यांच्याविषयी लिहिणारेही लिहितात. यात तथ्य आहे, पण सारे तथ्य नाही. औषध समोर घेतले गेले पाहिजे याचा आग्रह मद्रासच्या संशोधकांनी त्याआधीच धरला होता. आणि एका संपूर्ण देशाच्या प्रमाणावर ही गोष्ट कशी राबवावी, नोंदी कशा ठेवाव्यात, औषधांचा पुरवठा खंडित कसा होऊ देऊ नये, याचा वस्तुपाठ डॉ. कारेल स्टिब्लो यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून टांझानियात घालून दिला. हे स्टिब्लो स्वतः दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या माउटहाउझेन छळछावणीत होते आणि क्षय त्यांना तेथेच जडला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये क्षय ही जागतिक आणीबाणी असल्याचे जाहीर केले आणि पुढे डॉट्सचा पुरस्कार केला, तो मुख्यतः या टांझानियातील अनुभवाच्या आधारावर. भारतातही १९९७ पासून तो कार्यक्रम या नावाने सुरू झाला. म्हणून जनकत्वाचा मान एकट्या वजीरला देणे बरोबर नाही. परंतु मद्रासच्या रोग्याला पत्ता होता, टांझानियाच्या खेडुताला गाव होते. ज्याला पत्ताच नाही त्याच्यापर्यंत हा ‘रोज’ पोहोचवून दाखवला तो वजीरने, आणि तेवढे श्रेय त्यापासून कोणी काढून घेऊ शकत नाही. जनकत्वाचा दावा त्यापुढे गौण आहे.

वजीरचे हे काम संपले ते रोगामुळे नव्हे. फेब्रुवारी १९८४ मध्ये केनियाच्या सुरक्षा दलांनी देगोदिया या सोमाली कुळातील पुरुषांना गोळा करून वजीरजवळच्या वगाल्ला येथील धावपट्टीवर आणले. चार-पाच दिवस त्यांना तेथे अन्नपाण्यावाचून उन्हात ठेवले आणि पुष्कळांना ठार केले. सरकारने मृतांचा आकडा ५७ सांगितला. केनियाच्याच सत्यशोधन आयोगाने २०१३ च्या अहवालात तो हजाराच्या जवळपास असल्याचे म्हटले. तोनेल्लीबाई वाळवंटात जाऊन जखमी आणि प्रेते गोळा करीत राहिल्या, आणि घडले ते बाहेरच्या जगाला कळेल अशी व्यवस्था त्यांनी गुप्तपणे केली. १९८५ मध्ये त्यांना केनियातून जावे लागले. सोळा वर्षांचा संसार तेथेच राहिला.

वैद्यकीय सेवेने राजकारणात पडावे का, असा प्रश्न अशा वेळी काही सुजाण माणसे विचारतात. या बाबतीत तो विचारणे जरा अवघड आहे. ज्या माणसाच्या तोंडात सहा महिने रोज सकाळी गोळी घातली, त्याला धावपट्टीवर पालथा पाडून मारले, तर गोळी घालणाऱ्या बाईने त्या दिवशी नोंदवहीत ‘गैरहजर’ एवढेच लिहायचे का?

यानंतर त्या सोमालियात गेल्या. हे पर्व थोडक्यात सांगितले पाहिजे. ते फार दुःखाचे आहे आणि त्यात त्याच त्या गोष्टी पुन्हा घडतात. १९९१ च्या जानेवारीत सियाद बारे यांची राजवट कोसळली, टोळीयुद्धे सुरू झाली, १९९२ मध्ये भयंकर दुष्काळ पडला. क्षयरोग्यांसाठी काम करणाऱ्या बाईंना आता भुकेल्यांसाठी भाताची पातेली चढवावी लागली. मोगादिशू आणि मेर्का येथे त्या राहिल्या; त्यांना मारहाण झाली, लुटले गेले. मेर्काचे क्षयरुग्णालय त्यांच्यानंतर ज्या इटालियन डॉक्टर बाईंनी हाती घेतले, त्या ग्रात्सिएला फुमागाल्ली यांचा २२ ऑक्टोबर १९९५ रोजी तेथेच खून झाला.

एवढे झाल्यावर कोणी परत गेले असते तर त्यास दोष देता आला नसता. तोनेल्लीबाई १९९६ मध्ये बोरामाला गेल्या. सोमालियाच्या वायव्येकडील प्रांताने १९९१ मध्ये स्वतःला सोमालीलँड म्हणून स्वतंत्र घोषित केले होते. बोरामा हे त्यातले इथिओपियाच्या सीमेलगतचे गाव. येथेच १९९३ मध्ये निरनिराळ्या कुळांचे वडीलधारे महिनोन्महिने बसले आणि त्यांनी बोलूनचालून शांतता घडवली, म्हणून त्या गावाला मान होता. सीमेपलीकडच्या छावण्यांत गेलेले निर्वासित परतत होते. छावणी आणि क्षय यांचे नाते जुने आहे. कोंदट तंबू, अर्धे पोट आणि एकमेकांच्या श्वासात झोपणारी माणसे, याहून त्या जंतूला अधिक काय हवे! वजीरच्या भटक्यापाशी निदान मोकळे वारे आणि उंटिणीचे दूध होते. निर्वासितापाशी तेही नव्हते.

बोरामाला दोनशेहून अधिक खाटांचे क्षयरुग्णालय उभे राहिले. पद्धत तीच: देखरेखीखालचे औषध आणि पूर्ण मुदत. त्याच्याभोवती बाकीची कामे एखाद्या विहिरीभोवती वस्ती वाढावी तशी वाढली. रोगी सहा महिने रिकामा बसणार, म्हणून त्याला लिहा-वाचायला शिकवायचे; त्यात कुराणाच्या पाठांचीही सोय होती. ख्रिस्ती बाईच्या रुग्णालयात मुसलमान रोगी कुराण शिकतो आहे, हे दृश्य आपल्या मिशनविषयक कल्पनांना, मग त्या भक्तीच्या असोत की संशयाच्या, थोडे चक्रावून टाकणारे आहे. मोतीबिंदू काढणारे शल्यविशारद बाहेरून येत. मुलींच्या सुंतेविरुद्ध त्यांनी मोहीम उघडली, आणि तीही गावातल्या बायकांना बरोबर घेऊन.

मग एड्सचे रोगी येऊ लागले. क्षय आणि एड्स ही जोडी साऱ्या आफ्रिकेत हातात हात घालून चालली; अंगातली प्रतिकारशक्ती गेली की झोपलेला क्षय जागा होतो. बाईंनी या रोग्यांनाही दार उघडले, आणि वीस वर्षांपूर्वी क्षयाच्या वाट्याला आलेली घृणा नव्या नावाने परत आली. ही बाई आपल्या गावात रोग आणते आहे, अशी ओरड झाली, जमाव चालून आला, रुग्णालयावर दगड पडले. वजीरच्या पोरांचे दगड आणि हे दगड यांत सुमारे तीस वर्षांचे अंतर होते. त्या तीस वर्षांत जगाने औषधे पुष्कळ शोधली. भीतीवर त्याला अजून काही सापडले नव्हते.

२००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाने त्यांना नान्सेन पुरस्कार दिला. निर्वासितांसाठी काम करणाऱ्यांना मिळणारा हा सर्वांत मोठा मान. प्रसिद्धीपासून आयुष्यभर दूर राहिलेल्या या बाईचे नाव तेव्हा पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वर्तमानपत्रांत आले. त्याच वर्षी, ५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, रुग्णालयाच्याच आवारात त्यांच्यावर गोळी झाडण्यात आली. वय साठ. त्यातली चौतीस वर्षे त्यांनी सोमाली माणसांत काढली होती.

श्रोतेहो, वाचनालयाच्या व्यासपीठावरून बोलताना भाषेची एक गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. तोनेल्लीबाई वजीरला असताना त्यांच्या कामातून बहिऱ्या मुलांसाठीही एक शाळा निघाली होती. सोमाली मुले तेथे हातांच्या खुणांनी बोलायला शिकली. केनियात बहिऱ्यांची जी खुणांची भाषा होती तिचे ते सोमाली रूप. बाईंना देश सोडावा लागला, मन्याट्टा मागे राहिला, युद्धे झाली. त्या शाळेत शिकलेल्या एका बहिऱ्या विद्यार्थ्याने पुढे १९९७ मध्ये बोरामाला येऊन सोमालीलँडमधली बहिऱ्यांची पहिली शाळा काढली, आणि वजीरच्या वाळवंटातल्या त्या खुणा सीमा ओलांडून तेथल्या मुलांच्या हातांत उतरल्या. सोमाली खुणांची भाषा म्हणून आज जी ओळखली जाते ती तिथून पसरली. क्षयाचे रोगी ज्या अंगणात सकाळच्या औषधासाठी रांगेत बसत, त्याच गावात ही मुले हातवारे करीत, भांडत, हसत एकमेकांशी बोलू लागली.